तेवीस टकटक गाडे

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक पेजवाली होती. गावच्या बालवाडीत ती पोरांसाठी पेज शिजवायची. तोंडाची भारी फटकळ. समोर खोत असो नाहीतर चर्चचे फादर असोत, मनात आलं की बोलून मोकळी. पण पेज वाढताना तिची पळी कधी वाकडी झाली नाही. तेवीस पोरं, तेवीस वाट्या, सगळ्यांत पेज सारखी. गावच्या खोताचा नातू त्याच रांगेत बसायचा आणि नावाड्याची पोरही त्याच रांगेत.

त्या गावात नाताळची एक रीत होती. नाताळच्या सकाळी बालवाडीच्या पोरांना भेट मिळायची आणि ती भेट हातात घेऊन पोरं गावातून फेरी काढायची. चर्चच्या पायरीवरून निघायचं, विहिरीपर्यंत जायचं, तिथे नेवऱ्या, म्हणजे नाताळच्या करंज्या, खायच्या आणि परत पायरीवर यायचं. कुणाच्या ओटीवर बाळ येशूचा गोठा मांडलेला असायचा, कुणाच्या दारात तुळस असायची, पण फेरी बघायला सगळं गाव बाहेर यायचं.

मागच्या वर्षी मात्र फेरीचं हसं झालं होतं. त्या वर्षी भेटी खोतीणबाईंनी आणल्या होत्या. त्यांच्या नातवाला भलामोठा ढोल, बड्या घरच्या पोरांना बाहुल्या आणि बाकीच्यांना एकेक फुगा. पहिले चार फुगे कुंपणाच्या काट्यांनीच फोडले. मग फुगेवाल्यांनी बाहुल्या ओढल्या, बाहुलीवाल्यांनी ढोल ओढला. विहिरीपर्यंत जाईतो एकाचा दात हलला, एकीची वेणी सुटली आणि सगळी पोरं गळा काढून आपापल्या आयांच्या मागे पळाली. फेरी तिथेच मोडली.

यंदा नाताळला तीन आठवडे राहिले आणि खोत चर्चच्या पायरीवर उभा राहून सगळ्या गावासमोर म्हणाला, "बालवाडी बंद करा. पोरं नुसती रडकी निपजताहेत. ती खोली माझ्या बापानं बांधली, मला आता तिथे सुपारी ठेवायची आहे."

शिकवणाऱ्या बाई बिचाऱ्या मऊ स्वभावाच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोरांच्या आया एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. त्यांतल्या निम्म्या सकाळी कोलीम, ती बारकी कोळंबी, काढायला खाडीत उतरायच्या, निम्म्या दुसऱ्यांच्या बागेत राबायच्या. बालवाडी गेली तर पोरं ठेवायची कुठे? चिखलात की विहिरीच्या कडेला?

पेजवाली पदर खोचून पुढे आली.

"बांधली तुमच्या बापानं, पण माती गावानं वाहिली. माझी आई वाहत होती, मी तिच्या पोटात होते. आणि पोरं रडकी नाहीत, खोत. ढोल एक आणि पोरं तेवीस म्हटल्यावर तुम्ही तरी रडला नसता का?"

लोक हसले. खोताचं तोंड लाल झालं.

"मग यंदा तू आण भेटी! तेवीसच्या तेवीस पोरं हातात भेट घेऊन हसत या पायरीवर परत आली पाहिजेत. एक जरी रडत आलं, तर दुसऱ्या दिवशी खोलीत माझी सुपारी."

"आणि सगळी हसत आली तर?"

"तर खोली बालवाडीची. कायमची! किल्लीच देईन तुझ्या हातात."

"फादर, ऐकलंत ना? आणि तुम्ही सगळ्यांनीही ऐकलंत ना?" पेजवालीने विचारलं. सगळे म्हणाले, ऐकलं.

गावाने घरटी एकेक नाणं काढलं. गाव गरीब, नाणी बारकी. पुरचुंडी झाली ती मुठीत मावेल एवढी. तिच्यात तेवीस पोरांच्या भेटी बसवायच्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी खोतीणबाईंनी पेजवालीला ओटीवर बोलावलं. चहा दिला. पितळी डब्यातून एक जड थैली काढून पुढे सरकवली.

"हे घे गं. सगळ्यांच्या भेटी यातून आण. उरले तर तुला लुगडं घे. फक्त आमच्या नातवाला चावीचा घोडा आणायचा आणि त्यानं फेरीत सगळ्यांच्या पुढे चालायचं. खोलीचं मी ह्यांना समजावते. माझं ऐकतात ते."

पेजवालीने थैलीकडे बघितलं. एवढ्यानं काम फत्ते होत होतं. खोली वाचत होती, पोरांना चांगल्या भेटी मिळत होत्या, वर लुगडंही. अंगावरचं लुगडं तर दोन ठिकाणी शिवलेलं होतं.

"एका पोराला घोडा," ती म्हणाली, "आणि बावीस पोरांनी त्या घोड्याचं शेपूट बघत मागून चालायचं. असंच ना?"

"अगं, पोरंच ती. त्यांना काय कळतंय?"

"पेज वाढताना या एकदा बालवाडीत. एकाच्या वाटीत पळीभर जास्त घालून बघा. मग कळेल त्यांना काय कळतंय ते." चहाची कपबशी खाली ठेवून ती उठली. "तुमचा नातू माझ्या तेविसांतला आहे. त्याला तेविसांतलंच मिळेल."

शिकवणाऱ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "मावशी, घ्यायची होती हो थैली! एका पोराचं काय ते! खोली तरी वाचली असती."

"बाई, तुम्ही अक्षरं शिकवा. बाजार मला करू द्या."

बाजार खाडीपलीकडे भरायचा. पेजवाली होडीने पलीकडे गेली. खेळण्यांच्या दुकानात सगळं झगमगत होतं. दुकानदाराने तिला बघितलं, तिचं शिवलेलं लुगडं बघितलं आणि खालच्या फळीवरचा माल काढला.

"ह्या बाहुल्या बघा. स्वस्त आणि मस्त."

पेजवालीने बाहुली उचलली, तिचा पाय तोंडात घातला आणि कचकन चावला.

"अहो, अहो! हे काय करताय?"

"तीन वर्षांचं पोर जे करेल ते करतेय." तिने जीभ बाहेर काढून दाखवली. जीभ लालभडक झाली होती. "हा रंग पोटात गेला तर? आधी तू चाट, मग मी तेवीस घेते."

दुकानदाराने बाहुली गुपचूप मागे ठेवली आणि पत्र्याचा पोपट काढला. तिने त्याच्या शेपटावरून बोट फिरवलं. बोटावर रक्ताचा थेंब आला. "तुझ्या पोराला दिलास का हा? नाही ना? मग?" मग त्याने चेंडू दाखवले. "चेंडू विहिरीत जातात आणि चेंडूच्या मागे पोरं." शेवटी त्याने शिट्ट्या पुढे केल्या. "तेवीस शिट्ट्या? आमच्या बाई पहिल्याच दिवशी गाव सोडतील!"

दुकानात बाकीची गिऱ्हाइकं हसायला लागली, तसा दुकानदार चिडला. "एवढ्याशा पैशांत तुम्हाला काय राजवाड्यातली खेळणी पाहिजेत का?"

"स्वस्त पाहिजेत. घाण नकोत. दोन्हीत फरक आहे, तो तुला समजत नाही." असं म्हणून ती निघाली.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारा कातारी बसायचा. लाकूड कातून तो लाटणी, रवीच्या दांड्या आणि पाटाचे पाय करायचा. त्याच्या पायाशी लाटण्यांच्या टोकांचे कापलेले गोल तुकडे पडले होते, टोपलीभर. पेजवाली तिथेच थांबली. तिने एक तुकडा उचलला आणि जमिनीवर सोडला. तो गडगडत तिच्या पायापर्यंत आला.

"आजोबा, ह्यांचं काय करता?"

"चुलीत घालतो. दुसरं काय करणार?"

"चुलीत नका घालू. ही चाकं आहेत."

मग दोघांची डोकी एकत्र चालायला लागली. दोन चाकं, वर एक छोटी पाटी, पुढे ओढायला दोरी. कातारी म्हणाला, "चाकाला एक खाच पाडतो आणि वर लाकडाची पट्टी बसवतो. चाक फिरलं की टकटक वाजेल."

"बसवा. पण खिळा कुठे नको. खिळा निघतो आणि पोराच्या घशात जातो. सगळं लाकडातच अडकवा. दोरी माझ्या हाताएवढी, त्याच्यापेक्षा लांब नको, नाहीतर गळ्यात गुंडाळून घेतील."

कातारी खूश झाला. किती दिवसांनी त्याच्याकडे कुणी लाटण्याशिवाय काही मागत होतं. "रंग मी असे देतो बघा! एक लाल, एक पिवळा, एक हिरवा, एक निळा. तेवीस गाडे, तेवीस तऱ्हा!"

"एकच रंग," पेजवाली म्हणाली.

"अहो, शोभा काय राहील मग?"

"शोभा तुमच्या माझ्या डोळ्यांना. तीन वर्षांच्या पोराला लालही आवडत नाही नि पिवळाही आवडत नाही. त्याला शेजारच्याच्या हातातलं आवडतं. सगळे लाल करा. टाचणीच्या टोकाएवढासुद्धा फरक नको."

लाखेचा रंग तिने चाटून बघितला. जीभ होती तशीच राहिली. मग कातारी जरा चाचरत म्हणाला, "बाई, पुरचुंडी बघितली मी तुमची. लाकूड फुकटात गेलं तरी लाख विकत आणावी लागते."

"लाख घासून चमकवायला तुम्हाला केवड्याची पानं लागतात ना? कुठून आणता?"

"लांबून आणतो. महाग पडतात."

"आमच्या खाडीच्या काठाला केवड्याचं बन आहे. वर्षाची पानं देते आणून."

दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या आया विळे घेऊन केवड्यात शिरल्या. हात खरचटले, पायांत काटे मोडले, पण होडी भरून पानं पलीकडे गेली. आठ दिवसांनी तीच होडी तेवीस लाल गाडे घेऊन परत आली. पेजवालीने एकेक गाडा काढला. चावला, आपटला, पाण्यात बुडवला आणि शेवटी त्याच्यावर उभी राहिली. ती अंगाने चांगली भरलेली बाई. एकही गाडा मोडला नाही.

नाताळची सकाळ झाली. घंटा वाजली. पायरीवर पोरं रांगेत उभी राहिली आणि पेजवाली पेज वाढावी तशी एकेकाच्या हातात दोरी देत गेली. कोळ्यांची शेवंती, कुंभारांचा पांड्या, नावाड्याची रुजाय, बेकरीवाल्याचा पास्कू. बावीस गाडे झाले. तेविसावा खोताच्या नातवाचा. पण तो रांगेत नव्हताच, गड्याच्या खांद्यावर बसला होता. त्याच्या हातात शहरातून मागवलेला चावीचा घोडा होता. सोनेरी आयाळ, काचेचे डोळे.

"आमचा राजा लाकडाचे तुकडे ओढत फिरणार नाही," खोतीणबाई म्हणाल्या. "ठेव तो गाडा तुझ्याकडेच."

शेजारच्या बाईने पेजवालीच्या कानाशी लागून म्हटलं, "बरंच झालं की. माझी धाकटी पुढच्या वर्षी येणारच आहे बालवाडीत. तिला दे तो."

"ज्याचा त्याला," पेजवाली म्हणाली आणि तिने तेविसावा गाडा काखेतल्या टोपलीत टाकला.

फेरी निघाली. टक टक टक टक! बावीस गाडे एकदम वाजायला लागले. असा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता. म्हाताऱ्या ओटीवर येऊन टाळ्या वाजवायला लागल्या. कुत्री आधी भुंकली, मग मागून चालायला लागली. पोरं तर अशी ताठ मानेने चालत होती, जणू मागे खरेच बैलगाडे आहेत आणि गाड्यांत गावचं सगळं भात भरलंय.

खोत मात्र विहिरीपाशी जाऊन उभा होता. त्याला ठाऊक होतं, नेवरी खायला दोन्ही हात लागतात. पोरं दोऱ्या खाली टाकणार, गाडे मिसळणार आणि मग 'माझा, माझा' सुरू होणार. मागच्या वर्षी इथेच सगळं बिघडलं होतं.

झालंही तसंच. नेवऱ्यांची परात दिसली आणि पोरांनी दोऱ्या टाकल्या. विहिरीच्या कट्ट्याखाली बावीस गाड्यांचा ढीग पडला. कुणाचा कुठला, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"आता बघा गंमत," खोत मिशीत हसला. शिकवणाऱ्या बाईंनी डोळेच मिटून घेतले.

नेवऱ्या संपल्या. हात फ्रॉकांना पुसले. पोरं ढिगाकडे धावली. रुजाय आणि पांड्या यांनी एकाच दोरीला हात घातला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मग रुजायने शेजारचा गाडा बघितला. तोही लाल. तोही टकटक वाजणारा. तिने पांड्याची दोरी सोडली, ती दुसरी उचलली आणि चालायला लागली. बाकीच्यांनीही तेच केलं. हाताला लागला तो आपला. भांडायला होतं काय?

बाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

आणि तेवढ्यात मागून रडण्याचा सूर लागला.

खोताचा नातू! घोडा खाली ठेवायचा नाही, मातीत चावी अडकेल. घोड्यावर बसायचं नाही, पाय मोडेल. गड्याच्या खांद्यावरून तो सगळी वाट बावीस गाडे बघत आला होता. आधी ओठ थरथरला, मग नाक वाहिलं आणि मग त्याने असा गळा काढला की झाडावरचे कावळे उडाले. "मला टकटक पाऽऽहिजे!"

"रडलं!" खोताने हात वर केले. "तेविसावं रडलं! बघा सगळ्यांनी! खोली माझी झाली!"

नातू धाय मोकलून रडत होता आणि आजा आनंदाने हसत होता. खोतीणबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. आपल्या माणसाचं असं तोंड त्यांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

पेजवाली तिथूनच कडाडली, "पायरी अजून लांब आहे, खोत! पायरीवर रडत आलं तर, असं ठरलंय!" आणि तिने टोपलीतून तेविसावा गाडा काढला. लाल. बाकीच्यांसारखाच. टाचणीच्या टोकाएवढासुद्धा फरक नाही.

"मी तेवीस आणले होते," ती म्हणाली. "ह्याचा ह्याच्यासाठी राखून ठेवलाय. आजा कसा का असेना, पोर माझ्या रांगेतलं आहे."

खोत पुढे झाला. "त्याला काही घेऊ देऊ नका! खाली उतरवू नका!"

"तुम्ही गप्प बसा!" खोतीणबाई अशा ओरडल्या की गडी दचकला. "सुपारीसाठी नातवाला रडवताय होय? उतरव रे त्याला!" त्यांनी स्वतः पेजवालीच्या हातातून दोरी घेतली आणि नातवाच्या मुठीत दिली.

नातवाने नाक बाहीला पुसलं. दोरी ओढली. टक! त्याने मागे वळून बघितलं. पुन्हा ओढली. टक टक! गालांवर पाणी तसंच आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलेलं. रुजायने सरकून त्याला जागा करून दिली आणि तो रांगेत शिरला. पुढे नाही, मागे नाही, मधे.

तेवीस गाडे चर्चच्या पायरीकडे निघाले. मागून आया, त्यांच्या मागे म्हाताऱ्या, त्यांच्या मागे सगळं गाव. फादरांनी घंटेची दोरी धरली ती सोडलीच नाही. पायरीवर पेजवालीने मोठ्याने पोरं मोजली. प्रत्येक आकड्याला गाव ओरडत होतं. तेविसावा आकडा आला तो खोताच्या नातवाचा. तो एवढा हसत होता की त्याच्या पडलेल्या दोन दातांची फट सगळ्यांना दिसली.

खोत मागे एकटाच उभा होता, काखेत चावीचा घोडा घेऊन. पेजवाली त्याच्यासमोर गेली आणि तिने हात पुढे केला. खोताने कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली, दोन गाठी मारून.

बालवाडीची खोली आजही बालवाडीचीच आहे. पेजवाली किल्ली फिरवून दार उघडते, चूल पेटवते आणि तेवीस वाट्यांत सारखी पेज वाढते. आणि खोताच्या ओटीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत टकटक चालू असते. खोत कानांवर हात ठेवून बसतो. पण गाडा थांबवायची त्याची हिंमत होत नाही, कारण खोतीणबाई आत बसलेल्या असतात.

तात्पर्य, नीट ऐकून ठेवा: भेट महाग की स्वस्त हे मोठी माणसं बघतात, आपल्याला सगळ्यांसारखं मिळालं की नाही हे पोरं बघतात. म्हणून द्यायचं तर सगळ्यांना सारखं द्या, आणि आपल्याशी भांडणाऱ्याच्या पोराचा वाटा सगळ्यांत आधी राखून ठेवा.